वाढत्या वयातला पेसमेकर: घर, शाळा आणि नागपूरच्या उन्हाळ्यात काय सांभाळायचं

पेसमेकर म्हणजे हृदयाला ठोका देणारं, शरीरात बसवलेलं छोटं मशीन. त्यात ठोक्यांच्या वेगाचे वगैरे जे आकडे भरले जातात ते त्या दिवशीच्या मुलाच्या अंगाला आणि धावपळीला बेतलेले असतात. पाचवीतलं मूल दहावीत जाईस्तोवर वीतभर उंच होतं, सायकलवरून शिकवणीला जायला लागतं, मैदानावर पूर्ण जोर लावून धावतं. आकडे मात्र कुणीतरी बदलेपर्यंत तेच राहतात. आणि मराठीत मिळणारा बहुतेक सल्ला असतो सत्तरीतल्या आजोबांसाठी: दगदग टाळा, जिने चढू नका, जड उचलू नका. तोच सल्ला चौदा वर्षांच्या मुलाला दिला की ते वर्गाच्या कोपऱ्यात बसून राहतं, आणि नेमकं जे तपासायचं ते राहून जातं.

माझ्या मुलीला जन्मापासून पूर्ण हार्ट ब्लॉक आहे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा ठोक्याचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नाही, आणि पेसमेकर शाळेच्या वयात बसला. इथे लिहिलंय ते तिच्या डॉक्टरांकडून, चेकिंग करणाऱ्या टेक्निशियनकडून आणि आमच्यासारख्या इतर घरांकडून शिकलेलं आहे. तुमच्या मुलाचे डॉक्टर वेगळं सांगत असतील तर त्यांचंच ऐका, कारण प्रत्येक मुलाचं हृदय वेगळं आणि मशीनही वेगळं.

आधी फाइल नीट लावा

डिस्चार्ज कार्डावर सगळं असतं, पण ते आपल्याला वाचता येत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना चार गोष्टी विचारा आणि फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून ठेवा.

पेसमेकर का लागला, ही पहिली. काही मुलांना जन्मतःच ब्लॉक असतो, काहींना हृदयाच्या छिद्राच्या ऑपरेशननंतर होतो, काहींच्या हृदयात ठोका जिथून सुरू होतो तो भागच मंद असतो. दुसरी, मशीनपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या वायर कुठे आहेत. लहानपणी ऑपरेशन झालं असेल तर वायर बहुधा हृदयाच्या बाहेरच्या बाजूला शिवलेल्या असतात आणि डबी, म्हणजे बॅटरी असलेला पेसमेकरचा मुख्य भाग, पोटाच्या कातडीखाली असते. मोठ्या मुलांमध्ये डबी कॉलरबोनखाली आणि वायर शिरेतून आत सोडलेली असते. तिसरी, मशीनची खालची आणि वरची मर्यादा किती, म्हणजे मिनिटाला कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती ठोके. चौथी सगळ्यात महत्त्वाची: मशीन थांबली तर मुलाचा स्वतःचा ठोका किती येतो? काही मुलांचा पन्नासच्या आसपास येतो, काहींचा जवळजवळ येतच नाही. खेळ, प्रवास, इतर ऑपरेशन या सगळ्याबद्दल तुम्हाला मिळणारी उत्तरं या चौथ्या उत्तरावर ठरतात.

कंपनीचं कार्ड मिळतं, त्यावर मॉडेल आणि नंबर असतो. मूळ कार्ड घरी ठेवा, एक लॅमिनेट केलेली प्रत दप्तरात, फोटो आई, बाबा आणि मुलाच्या मोबाईलमध्ये.

जन्मजात ब्लॉक असेल तर आणखी एक गोष्ट, आणि ती आईसाठी आहे. बऱ्याचदा याचं कारण आईच्या रक्तातल्या अँटिबॉडी असतात, आणि आईला स्वतःला काहीच त्रास नसतो. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर ही रक्तचाचणी आधी करून घ्या. यात दोष कुणाचा नाही, हे सासरच्या मंडळींनाही स्पष्ट सांगा.

ऑपरेशननंतरचे सहा आठवडे

जखम पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा दिवस, ती कोरडी ठेवायची. डबी कॉलरबोनखाली असेल तर चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, ओझं उचलायचं नाही. पण हात गळ्यात बांधून अजिबात न हलवणंही चूक आहे, खांदा आखडतो. कोपर, मनगट आणि खांद्याच्या खालची हालचाल पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. आपल्याकडे आजी-मावश्या काळजीपोटी मुलाला हातच हलवू देत नाहीत; त्यांना हे ऑपरेशनच्या आधीच सांगून ठेवलेलं बरं. मूल डावखुरं असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा, म्हणजे बाजू ठरवता येते.

जखम लाल झाली, गरम लागली, त्यातून पाणी आलं किंवा ताप आला तर घरच्या मलमावर एक दिवसही घालवू नका. डबीला संसर्ग झाला तर बहुतेक वेळा डबी आणि वायर दोन्ही काढाव्या लागतात. हे पुढच्या वर्षांनाही लागू आहे. डबीवरची पुटकुळी फोडायची नाही, उन्हाळ्यात घामोळं आलं तरी नखं लावायची नाहीत, त्या जागी टॅटू काढायचा नाही. कातडीखाली डबी बोटांनी फिरवत बसायची सवय काही मुलांना लागते. त्याने वायर पिळवटून जागची सुटल्याच्या घटना आहेत.

चेकिंग: इथे मुलाला बोलू द्या

साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी चेकिंग असतं. टेक्निशियन डबीवर एक यंत्र धरतो आणि स्क्रीनवर आकडे येतात: बॅटरी किती उरली, वायरचा विद्युत अडथळा किती, किती कमी करंटमध्ये हृदय ठोका घेतं, मशीनने स्वतः किती टक्के ठोके दिले. याची छापील प्रत मागून घ्या आणि मागच्या प्रतीशेजारी लावा. वायरचा अडथळा एकदम वाढला तर वायर तुटत असल्याची शंका येते, एकदम खाली आला तर तिचं वरचं आवरण फाटल्याची. एका कागदावरून हे कळत नाही, दोन शेजारी ठेवले की घरच्यांनाही दिसतं.

उंची दर भेटीला मोजा आणि त्याच कागदावर लिहा. शिरेतून वायर टाकताना डॉक्टर आत थोडी ढील सोडतात, मूल वाढेल तशी ती वापरली जाते. ऐन वाढीच्या वर्षांत मुलगा एका वर्षात आठ-दहा सेंटीमीटर उंच होऊ शकतो. म्हणून त्या काळात छातीचा एक्स-रे ठरावीक अंतराने काढून ढील किती उरली ते बघतात. डॉक्टरांनी तो सांगितला नाही तर तुम्ही विचारा: "उंची एवढी वाढलीये, एक्स-रे करायचा का?" टूडी इकोचंही, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचंही तेच. खालच्या कप्प्याला वर्षानुवर्षं मशीननेच ठोका मिळत राहिला तर काही मुलांमध्ये हृदयाची ताकद हळूहळू कमी होते. ते वेळेत दिसलं तर वायरची जागा बदलून सुधारता येतं.

आता वरच्या मर्यादेबद्दल. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या माहितीतल्या मुलांना सगळ्यात जास्त त्रास याचा झाला आणि तो कुणी ओळखला नाही.

दोन वायरच्या पेसमेकरमध्ये मशीन हृदयाच्या वरच्या कप्प्याचा ठोका ऐकते आणि तोच खालच्या कप्प्याला देते. मूल धावलं की वरचा कप्पा आपोआप वेग घेतो, खालचा त्याच्या मागोमाग जातो. पण मशीनला एक कमाल वेग आखून दिलेला असतो, समजा १५०. चौदा वर्षांचं मूल जोरात धावतं तेव्हा वरच्या कप्प्याचा वेग सहज १८० होतो. मग मशीन आधी मधला एखादा ठोका सोडायला लागते, आणि वेग आणखी वाढला की दर दुसरा ठोका सोडते. म्हणजे ऐन धावेत खालच्या कप्प्याला मिळतात फक्त ९०. मुलाला वाटतं पायातलं बळच गेलं, डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन मिनिटं थांबलं की सगळं ठीक. सर म्हणतात स्टॅमिना नाही, घरचे म्हणतात खात नाही.

याचा उपाय आकडे बदलण्यात आहे. टीएमटी करून, म्हणजे ट्रेडमिलवर पळवत ठोके तपासून, मूल कितीपर्यंत जातं ते बघतात आणि मर्यादा वाढवता येत असेल तर वाढवतात. प्रत्येकाला ते शक्य असतंच असं नाही, पण विचारल्याशिवाय कुणी बघणार नाही. बिछान्यावर झोपलेल्या मुलाच्या चेकिंगमध्ये हा प्रकार दिसत नाही. म्हणून तिथे आईबापांनी गप्प बसावं आणि मुलाला सांगू द्यावं: काय करताना, किती मिनिटांनी, नेमकं काय झालं.

काही मशीनमध्ये अंगाची हालचाल ओळखून वेग वाढवणारा सेन्सर असतो. धावताना छाती हलते तेव्हा तो चांगलं काम करतो, सायकल चालवताना छाती फारशी हलत नाही म्हणून कमी पडतो. सेमिनरी हिल्सचा चढ सायकलवर चढताना दम लागतो पण तोच चढ पळत गेलं तर लागत नाही, असं मूल म्हणालं तर ते खरं सांगतंय. टेक्निशियनला तेच वाक्य सांगा.

बॅटरी चार्ज होत नाही. ती संपत आली की डबीच बदलतात आणि वायर चांगल्या असतील तर त्याच ठेवतात. पाच ते दहा वर्षं, कधी जास्त. सतत आणि जास्त वेगाने चालणाऱ्या मशीनची लवकर उतरते. बदलायची वेळ आली की मशीन खूण देते आणि त्यानंतर साधारण तीन महिने हातात असतात. काही मॉडेल त्या वेळी स्वतःहून मंद, एकसारख्या वेगावर जातात, तेव्हा उड्या मारणारं मूल एकदम मरगळतं. बॅटरी शेवटाकडे असेल तर अशा थकव्याला परीक्षेचा ताण समजून सोडून देऊ नका.

"आयुष्यात किती वेळा बदलावा लागेल?" हा प्रश्न मूल कधीतरी विचारतंच. खरं उत्तर: बऱ्याच वेळा. जगातला पहिला पेसमेकर शरीरात बसवून घेणारे स्वीडनचे आर्ने लार्सन यांना १९५८ साली तो बसला. नंतर एकूण २६ पेसमेकर बदलत ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले. माझ्या मुलीला ही माहिती धीराच्या कुठल्याही शब्दांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

नाडी मोजायला शिकवा

अंगठ्याच्या बुडाशी, मनगटावर दोन बोटं, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. बारा वर्षांच्या मुलाला हे एका संध्याकाळी येतं. शांत बसलेलं असताना नाडी मशीनच्या खालच्या मर्यादेच्या बरीच खाली आली तर डॉक्टरांना लगेच फोन करा. झोपेत मशीन मुद्दाम थोडी मंद ठेवलेली असू शकते, तो आकडाही विचारून ठेवा. हातातल्या स्मार्ट घड्याळाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका, बोटांनी मोजा.

चक्कर, बेशुद्धी, पोट किंवा छातीचा स्नायू ठोक्याबरोबर उडणं, न थांबणारी उचकी, पायावर सूज: यापैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. मूल बेशुद्ध पडलं तर १०८. श्वास किंवा नाडी नसेल तर छाती दाबायला घाबरू नका, पेसमेकर असला तरी सीपीआर तसाच देतात. शॉक देणारं यंत्र आलं तर पॅड डबीवर लावू नका, थोडं बाजूला लावा.

घर, मोबाईल, आणि कूलर

मोबाईलने पेसमेकर बंद पडत नाही. पण मोबाईल डबीपासून १५ सेंटीमीटर लांब हवा, म्हणजे गणवेशाच्या वरच्या खिशात नको आणि बोलायचं दुसऱ्या कानाने. मागे चुंबक असलेले नवे फोन, त्यांचे चार्जर, कानात घालायच्या इअरबडची डबी, चुंबकाची पिन असलेला बिल्ला, चुंबकाने बंद होणारी पर्स यांना तोच नियम. फोन छातीवर ठेवून झोपायची सवय मोडा. चुंबक अगदी जवळ आला तर मशीन तेवढा वेळ ठरावीक वेगाने चालते, आणि लांब नेला की पूर्ववत होते.

मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह, वायफाय यांचा प्रश्न नाही. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब राहायचं. चरबी आणि स्नायू मोजणारे वजनकाटे जिममध्ये असतात, ते अंगातून करंट सोडतात, त्यावर उभं राहायचं नाही.

आणि कूलर. नागपुरात एप्रिल ते जून घरोघरी लोखंडी कूलर, ओली खस, खाली पाणी आणि एखादी सैल वायर. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात आपल्या भागात माणसं जातात. पेसमेकर असलेल्या मुलाला मोठा शॉकच लागायला हवा असं नाही, हाताला मुंग्या येतील इतका गळणारा करंटसुद्धा मशीनला ठोका वाटू शकतो आणि ती स्वतःचा ठोका रोखून धरते. म्हणून सिझन सुरू होण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, घरात करंट गळला की बंद होणारं ब्रेकर बसवा, पाणी भरताना प्लग काढा. मुलाने कूलरला हात लावायचाच नाही, हा नियम घरात सगळ्यांनी पाळा.

पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा चक्कर कुणालाही येते, मग आपल्या मुलाची चक्कर उन्हाची की मशीनची? नाडी मोजा. जलद आहे, तोंड सुकलंय, लघवी कमी झालीय तर बहुधा उन्हाची: सावली, ओआरएस, ताक, पन्हं. नाडी मंद किंवा तुटक असेल तर दवाखाना. बेशुद्ध पडलं असेल तर कारण शोधत बसू नका, नेऊनच दाखवा. पाणी किंवा मीठ कमी घ्यायला सांगितलेल्या मुलांनी उन्हाळ्याचं प्रमाण डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं.

शाळा, मैदान, मिरवणूक

जूनमध्ये मुख्याध्यापकांना एक पानाचं पत्र द्या: काय आहे, काय करू शकतो, काय नाही, चक्कर आली तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. "काय करू शकतो" हा भाग सगळ्यात मोठा ठेवा, नाहीतर पीटीच्या तासाला मूल कायमचं बाकावर बसतं. मग नातेवाईक विचारतात, "काहून, खेळत नाही का ही?"

जखम भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर धावणं, बॅडमिंटन, सायकल, पोहणं, नाच, खो-खो बहुतेक मुलांना चालतं. कुस्ती, कराटे, बॉक्सिंग नको. कबड्डीवर मी घरात बरेच वाद ऐकलेत. माझं मत: मशीनवर पूर्ण अवलंबून असलेल्या मुलाने सामना खेळू नये, कारण छातीवर पडणारा एक गुडघा वायर तोडू शकतो. लेदर बॉलचं क्रिकेट खेळायचं असेल तर चेस्ट गार्ड घालून. डबीच्या बाजूच्या हाताने फास्ट बॉलिंग, पुल-अप, बेंच प्रेस यात कॉलरबोनखाली वायर पुन्हापुन्हा चेपली जाते, त्यामुळे हे सुरू करण्याआधी विचारा. दप्तराचा पट्टा, ब्राचा पट्टा, गाडीचा सीटबेल्ट डबीवर घासत असेल तर खाली मऊ कापडाची घडी ठेवा.

प्रयोगशाळेत चुंबक १५ सेंटीमीटर लांबून हाताळता येतात. मारबत-बडग्याच्या किंवा गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या मोठ्या बॉक्सला टेकून उभं राहायचं नाही, त्यात जाड चुंबक असतात. चार पावलं लांबून नाचायला हरकत नाही.

दहावीनंतरच्या शाखेचा विचार आधीच करा. आयटीआयचा वेल्डर ट्रेड किंवा कोराडी, खापरखेड्यासारख्या वीज केंद्रांत हाय व्होल्टेजजवळची कामं अडचणीची आहेत. सैन्य आणि पोलीस भरतीची शारीरिक अट पूर्ण होत नाही, हे मुलाला अकरावीआधी कळू द्या. बाकी बहुतेक वाटा मोकळ्या आहेत.

मेटल डिटेक्टर आणि परीक्षा

मेट्रो स्टेशन, मॉल, विमानतळ: दारातून नेहमीच्या चालीने निघून जायचं, तिथे रेंगाळायचं नाही. हातातलं डिटेक्टर डबीवर धरू द्यायचं नाही, कार्ड दाखवून हाताने तपासणी मागायची. नीट आणि जेईईच्या केंद्रांवर गर्दीत हे सांगणं मुलाला जड जातं. त्या दिवशी डॉक्टरांचं ताजं, सही-शिक्क्याचं पत्र आणि कार्डाची प्रत हातात हवी, आणि नेहमीपेक्षा लवकर पोचायला हवं. घरी एकदा मोठ्याने म्हणून सराव करा: "मला पेसमेकर आहे, हाताने तपासा."

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना

दाताला तार लावायची असो की पाय मोडलेला असो, पहिलं वाक्य पेसमेकरचं. कुठलंही ऑपरेशन असेल तर रक्त थांबवायला वापरतात त्या विजेच्या यंत्राने मशीनमध्ये गडबड होऊ शकते, म्हणून आधी चेकिंग आणि तात्पुरतं सेटिंग लागतं. दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक फक्त पेसमेकरसाठी लागत नाही, पण हृदयाचा मूळ आजार असेल तर लागू शकतं. हे हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारा. एमआरआय चालणारी डबी असली तरी वायरही तशीच असावी लागते. हृदयावर बाहेरून शिवलेल्या किंवा जुन्या, सोडून दिलेल्या वायर असतील तर बहुधा नाही म्हणतात. "डबी एमआरआयवाली आहे" एवढ्यावर एमआरआयच्या मशीनमध्ये जाऊ नका.

आरसा, मैत्रिणी आणि लग्नाचा विषय

बारीक अंगाच्या मुलीच्या कॉलरबोनखाली डबी उठून दिसते. ओढणी सतत तिथे सरकायला लागली की समजा ते तिला खुपतंय. पुढच्या बदलाच्या वेळी डबी स्नायूखाली किंवा काखेच्या बाजूला ठेवता येईल का, हे विचारायचा तिला हक्क आहे. कुणाला सांगायचं तेही तिने ठरवावं. एका जवळच्या मैत्रिणीला आणि वर्गशिक्षिकेला माहीत असणं मात्र गरजेचं आहे.

मुलगी तेरा वर्षांची असते तेव्हापासून घरात कुजबुज सुरू होते: लग्न कसं होणार, मूल होईल का? तिच्या कानावर ती जातेच. पेसमेकर असल्यामुळे गरोदरपण नाकारलं जात नाही; मूळ हृदयरोग कसा आहे त्यावर ते ठरतं, आणि हे डॉक्टर तिला समोर बसवून समजावू शकतात. कुजबुज करण्यापेक्षा ती भेट ठरवा.

पैसे आणि अठरावं वर्ष

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला विचारा की तुमच्या मुलाचं ऑपरेशन किंवा डबी बदलणं कुठल्या पॅकेजमध्ये येतं. मुलांच्या आजारांची तपासणी आणि उपचार करणारा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच आहे. म्हणून सोळाव्या वर्षी बॅटरी किती उरली ते बघा आणि बदल कधी येईल त्याचा अंदाज घेऊन कागदपत्रं आधीच लावा. नागपूरचं मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय), सुपर स्पेशालिटी किंवा मिहानमधलं एम्स, जिथे जाल तिथे फाइलची पूर्ण प्रत न्या.

सोळाव्या वर्षापासून चेकिंगला मुलाने पुढे बसावं, तुम्ही मागे. तारखा त्याच्या मोबाईलमध्ये, फाइल त्याच्या कपाटात. पुण्याला किंवा कोट्याला शिकायला जायचं ठरलं तर होस्टेलआधी एक गोष्ट बघा: एका कंपनीच्या यंत्रावर दुसऱ्या कंपनीचा पेसमेकर वाचता येत नाही. तुमच्या कंपनीचं चेकिंग त्या शहरात कुठे होतं, कुठल्या वारी होतं, ते इथल्या टेक्निशियनला विचारून घ्या. पहिली तारीख मूल निघण्याआधीच ठरवा, आणि रूममेटला नाडी मोजायला शिकवायचं काम मुलाकडे द्या.